कुंपण निवडावे ते पायापासून

आकुर्डी गावठाणातून निघून खंडोबा माळावरून रेल्वे स्टेशनच्या बाजूला गेलात, तर तेवढ्या वाटेत कुंपणाचे सात-आठ प्रकार बघायला मिळतात. गावठाणात काळ्या दगडाच्या जुन्या भिंती, प्राधिकरणातल्या बंगल्यांना विटांची बुटकी भिंत आणि वर लोखंडी ग्रिल, कारखान्यांना उंच भिंत आणि तिच्यावर काटेरी तारेची तिरकी रांग. रिकाम्या प्लॉटला सिमेंटच्या रेडीमेड पाट्या, बांधकामाला निळा पत्रा आणि एखाद्या शेडच्या मागे प्रेस शॉपमधून उरलेल्या भोकाभोकांच्या पट्ट्या.

या परिसराची घडणच अशी झाली आहे. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, पिंपरी-चिंचवड पट्ट्यात कारखाने उभे राहिले, आकुर्डीत बजाज ऑटोचा स्कूटरचा कारखाना आला. या कारखान्यांत काम करणाऱ्यांना परवडणारी घरे मिळावीत म्हणून १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण निर्माण झाले आणि सेक्टरवार प्लॉट पाडले गेले. त्यामुळे शेताचा बांध, कामगाराचा टुमदार बंगला आणि कारखान्याची भिंत ही तिन्ही इथे हाकेच्या अंतरावर नांदतात. अंगणाला कुंपण घालायचे ठरले, की माणूस याच नमुन्यांतून एक उचलतो. शेजाऱ्याने काय घातले, दिसायला काय छान दिसते, रनिंग फुटाला काय भाव पडतो, एवढे तीन प्रश्न विचारून काम फॅब्रिकेशनवाल्याकडे किंवा गवंड्याकडे जाते.

या तिन्ही प्रश्नांत जमीन येत नाही, आणि माझे सांगणे आहे ते तिच्याविषयी. जुनी, मोडलेली कुंपणे नीट पाहा. लोखंडी अँगल वरून धडधाकट दिसतो आणि मातीलगत वीतभर पट्ट्यात पोखरलेला असतो. बांबूची काठी वर टणक, पण जिथे मातीत शिरते तिथे भुसभुशीत. विटांची भिंत मधून क्वचित फुटते. ती पायापासून कलते. कुंपण कोणतेही असो, त्याचा निकाल जमीन आणि हवा जिथे भेटतात त्या पट्ट्यात लागतो. म्हणून साहित्य निवडायचे ते त्या पट्ट्याचा विचार करून.

मातीलगतच कुंपण का मोडते?

गंजायला लोखंडाला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. खांबाचा वरचा भाग पाऊस थांबला की वाळतो. खोल मातीत ओल असते, पण हवा फार पोहोचत नाही. मातीच्या पृष्ठभागालगत मात्र ओल टिकते आणि हवाही भरपूर मिळते. शिवाय जमिनीतले क्षार तिथे साठतात, पालापाचोळा त्याला चिकटून ओल धरतो. एकाच खांबाचा एक भाग जास्त हवेत आणि एक कमी हवेत असला, की त्या दोन भागांत बारीकसा विद्युतप्रवाह सुरू होतो आणि गंज आणखी वेग घेतो.

लाकूड आणि बांबूचेही तसेच. ते कुजवणाऱ्या बुरशीला ओल हवी आणि हवाही हवी. कोरड्या लाकडात ती वाढत नाही, पाण्यात पूर्ण बुडालेल्या लाकडातही फारशी वाढत नाही. मातीलगतच्या त्या वीतभर पट्ट्यात तिला दोन्ही मिळते, आणि वाळवीचा रस्ताही तिथूनच जातो.

भिंतीचे कारण वेगळे, जागा तीच. पावसाळ्यात भिंतीमागे पाणी साचते आणि ओली माती भिंतीला आडवी ढकलू लागते. पाया उथळ असेल तर भिंत कलते. काळी माती असेल तर प्रश्न आणखी अवघड होतो. काळ्या मातीतले चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि उन्हाळ्यात आक्रसतात. म्हणूनच एप्रिल-मे महिन्यांत शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीवर उभी केलेली भिंत दरवर्षी थोडी उचलली जाते आणि थोडी खचते. दोन-चार पावसाळे गेले की पायरीसारखी तिरकी भेग दिसू लागते.

आकुर्डीत माळाच्या भागात थोडे खणले की मुरूम लागतो आणि त्याखाली दख्खनचा काळा खडक. अशी जमीन कुंपणाला उत्तम. जुन्या शेतांवर पडलेल्या प्लॉटमध्ये मात्र काळ्या मातीचा जाड थर असू शकतो. काही ठिकाणी त्याहून वाईट स्थिती असते: राडारोडा टाकून केलेला भराव. भराव वर्षानुवर्षे बसत राहतो. म्हणून साहित्याच्या दुकानात जाण्याआधी अंगणाच्या दोन-तीन कोपऱ्यांत कुदळीने कमरेएवढा खड्डा घ्या आणि मुरूम किती खाली आहे ते पाहा. एका माणसाचे अर्ध्या दिवसाचे हे काम पुढचा बराच खर्च वाचवते.

काय अडवायचे, काय जाऊ द्यायचे

कुंपणाकडून प्रत्येकाची अपेक्षा वेगळी असते. मोकाट जनावरे आणि कुत्री अडवायची असतील तर चार फुटांची जाळी पुरते. रस्त्यावरची नजर अडवायची तर भरीव भिंत, नाहीतर दाट झाडी हवी. धूळ धरायला पानांची दाट रांग बरी. वाहनांचा आवाज थांबवायला मात्र वजनदार, फटी नसलेली भिंतच लागते. जाळी किंवा पातळ झाडी लावून आवाज कमी होईल ही आशा बाळगू नये. साप थांबावेत म्हणून अनेकजण चेनलिंक जाळी लावतात, पण दोन इंची भोकातून बहुतेक साप सहज जातात. त्यावर उपाय आहे तो अंगणात उंदीर, दगड-विटांचे ढीग आणि अडगळ न ठेवण्याचा.

चोराचा विचारही उलट्या बाजूने करून पाहावा. उंच भरीव भिंत चढायला कठीण खरी, पण एकदा आत उतरलेला माणूस रस्त्यावरून कोणालाच दिसत नाही. जाळीतून आत दिसते, आणि शेजाऱ्यांची नजर हीदेखील राखणच असते.

चारही बाजूंना एकच साहित्य लावलेच पाहिजे असे नाही. रस्त्याकडे एक, शेजाऱ्याकडे दुसरे, मागच्या बाजूला तिसरे, असे केले तर पैसे वाचतात आणि प्रत्येक बाजूची गरजही भागते.

हद्द आणि नियम

पहिला खड्डा खणण्याआधी हद्द पक्की असावी. खात्री नसेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी आणि मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत जपून ठेवावी. भिंतीचा पाया भिंतीपेक्षा रुंद असतो. वरची भिंत हद्दीत दिसली तरी खालचा पाया शेजाऱ्याच्या जमिनीत गेलेला असू शकतो, आणि अशा दोन-चार इंचांवरून पिढ्यांचे बोलणे बंद होते. सामाईक कुंपण करायचे ठरले तर खर्च, उंची आणि देखभाल यांचा दोन ओळींचा कागद करून दोघांनी सह्या कराव्यात.

उंचीचाही नियम आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्यात लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार घराच्या कुंपणभिंतीची उंची समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून जास्तीत जास्त दीड मीटर धरली आहे. वरचा ०.९ मीटर भाग जाळी किंवा ग्रिलसारखा मोकळा असेल तर २.४ मीटरपर्यंत जाता येते. कोपऱ्यावरच्या प्लॉटला चौकाकडच्या दोन्ही बाजूंना दहा मीटरपर्यंत भरीव भिंत पाऊण मीटरच ठेवायची, म्हणजे वळणाऱ्या वाहनचालकाला समोरचे दिसते. आपल्या गल्लीत लहान मुले सायकली चालवतात, हे आठवले की हा नियम जाचक वाटत नाही. २०२१ मध्ये प्राधिकरण विसर्जित झाले, त्यामुळे आपल्या प्लॉटला परवानगी कोण देणार हे महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात आधीच विचारून घ्यावे. प्राधिकरणाने प्लॉट ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले होते. त्या करारातल्या अटीही वाचाव्यात.

दगड, वीट आणि रेडीमेड पाट्या

आपल्या भागातला काळा दगड म्हणजे बेसाल्ट. तो पाणी जवळजवळ शोषत नाही, गंजत नाही, कुजत नाही. मातीलगतच्या त्या घातक पट्ट्यात त्याच्याइतके भरवशाचे दुसरे साहित्य नाही. मावळातल्या शेतांचे नुसते रचलेले गडगे त्यामुळेच टिकतात. त्यांच्यात चुना-सिमेंट नसल्याने पाणी फटींतून निघून जाते आणि मागे दाब साचत नाही.

सिमेंटमध्ये दगडी भिंत बांधायची तर रुंदी पंधरा इंचांच्या खाली नको. दोन बाजूंना चांगले दगड लावून मध्ये खडी-कपची भरण्याची पद्धत फार बोकाळली आहे. अशी भिंत कालांतराने पोट काढते. आरपार जाणारा लांब दगड दर अर्ध्या चौरस मीटरला निदान एक असलाच पाहिजे. गवंड्याला हे आधी सांगा आणि काम चालू असताना उभे राहून पाहा. दरजा भरल्यावर आत काय आहे ते कळत नाही.

विटेची किंवा सिमेंट ब्लॉकची भिंत जागा कमी खाते, म्हणून लहान प्लॉटवर तीच परवडते. चार इंची भिंतीला अडीच-तीन मीटरवर पिलर हवा. लांब भिंतीत मध्ये मध्ये जोडफट सोडावी, नाहीतर उन्हाने प्रसरण पावून ती स्वतःच आपली फट पाडते. भिंतीच्या डोक्यावर दोन्हीकडे बाहेर आलेले, उतार दिलेले कोपिंग हवे, म्हणजे पावसाचे पाणी भिंतीत न मुरता दूर टपकते. आणि तळाशी पाणी निघायला भोके हवीत. अंगणाचा उतार भिंतीकडे असेल तर भिंत म्हणजे बंधाराच. वाट दिली नाही तर पाणी स्वतः वाट काढते.

रेडीमेड कंपाउंड, म्हणजे खाच असलेले सिमेंटचे खांब आणि त्यांत वरून सरकवलेल्या पाट्या, हे चाकण पट्ट्यातल्या मोकळ्या जमिनींचे आवडते साहित्य आहे. ते दोन-तीन दिवसांत उभे राहते आणि गरज पडली तर काढून दुसरीकडे लावता येते. भराव असलेल्या प्लॉटवर, जिथे पुढे जमीन बसणारच आहे, तिथे हा गुण मोलाचा ठरतो. पण खांब घेताना दोन गोष्टी पाहा. खांबाच्या कडेला सळई उघडी दिसते का, आणि लांबीच्या दिशेने केसाएवढी तरी चीर आहे का? सळईवर इंचभर काँक्रीटचे आवरण नसेल तर आत ओल जाते, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि काँक्रीट आतून फुटते. तो खांब मग दुरुस्त होत नाही.

जाळी, अँगल आणि जस्ताचा थर

तारेच्या कुंपणाने जगातल्या शेतीचा नकाशाच बदलला. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातला शेतकरी जोसेफ ग्लिडन याला २४ नोव्हेंबर १८७४ रोजी काटेरी तारेच्या सुधारित रचनेचे पेटंट मिळाले आणि लाकूड-दगड नसलेल्या विस्तीर्ण गवताळ प्रदेशांना स्वस्तात कुंपण घालणे शक्य झाले. काटेरी तार जनावरांसाठी होती. मुले खेळतात त्या अंगणाला, विशेषतः माणसाच्या उंचीवर, ती लावू नये.

घरासाठी योग्य ती चेनलिंक जाळी. ती घेताना दुकानदार गेज सांगतो, आणि तिथेच ग्राहक फसतो, कारण गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते. ८ गेज म्हणजे सुमारे ४ मिलिमीटर, १० गेज ३.२५, १२ गेज २.६४ आणि १४ गेज फक्त २ मिलिमीटर. अंगणाला १० गेज उत्तम, १२ चालेल, १४ भाजीच्या वाफ्यापुरती ठीक. आकुर्डीत मायक्रोमीटर हाताळणारा माणूस शोधावा लागत नाही. प्रत्येक गल्लीत टूलरूममध्ये काम केलेले कोणीतरी असतेच. त्यांना दुकानात बरोबर न्या आणि तार मोजून घ्या. हिरव्या प्लास्टिकचे आवरण असलेली जाळी असेल तर टोकाचे आवरण सोलून आतली तार मोजा, कारण बाहेरची जाडी बरीचशी प्लास्टिकची असते.

तारेइतकाच महत्त्वाचा तिच्यावरचा जस्ताचा थर. जस्त दोन प्रकारे काम करते. ते लोखंडाला हवा-पाण्यापासून झाकते, आणि थराला ओरखडा पडून लोखंड उघडे झालेच तर जस्त आधी झिजून लोखंडाला वाचवते. साधा रंग असे करू शकत नाही. पण जस्त वर्षागणिक झिजते. शहरी-औद्योगिक हवेत ही झीज ढोबळमानाने वर्षाला एक ते दोन मायक्रॉन धरतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. चौरस मीटरला २४० ग्रॅम जस्त असेल तर थर सुमारे ३४ मायक्रॉनचा होतो, म्हणजे सतरा ते चौतीस वर्षांची बेगमी. ६० ग्रॅमचा थर जेमतेम ८ मायक्रॉनचा. तो चार ते आठ वर्षांत संपतो. दुकानात दोन्ही तारा सारख्याच चकाकतात.

फरक ओळखायचा तर मोरचुदाची परीक्षा करता येते. कारखान्यांतल्या प्रयोगशाळांत हीच चाचणी काटेकोरपणे करतात. काचेच्या बरणीत पाण्यात विरघळेल तितके मोरचूद घालून गडद निळे द्रावण करा. मोरचूद विषारी आहे. हातमोजे घाला, मुलांना दूर ठेवा आणि ती बरणी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. दोन दुकानांतल्या तारांचे वीतभर तुकडे स्वच्छ पुसून एक मिनिट त्यात बुडवा, बाहेर काढून पाण्यात धुवा आणि फडक्याने पुसा. तारेवर काळी भुकटी बसलेली दिसेल आणि ती पुसली जाईल. ही जस्ताची खूण. पुन्हा एक मिनिट बुडवा, धुवा, पुसा. थर पातळ असेल तर एक-दोन बुडवण्यांतच तारेवर लालसर, चमकदार तांबे दिसू लागते आणि ते पुसून जात नाही. म्हणजे जस्त संपले, लोखंड उघडे पडले. चांगल्या थराची तार आणखी काही फेऱ्या काळीच राहते. कापलेल्या टोकावर लगेच तांबे धरते, कारण तिथे लोखंड उघडेच असते. ते टोक हिशेबात धरू नये. दोन तारा शेजारी ठेवल्या की कोणती घ्यायची हे सांगायला कोणाची गरज लागत नाही.

खांबांना लोखंडी अँगल वापरत असाल तर वजनाने घ्या. ४०×४०×५ मिलिमीटरच्या अँगलचे वजन मीटरला ३ किलो, ५०×५०×६ चे साडेचार किलो. काट्यावर यापेक्षा बरेच कमी भरले तर जाडी कमी आहे. खांब जमिनीत निदान दोन फूट जावा, काँक्रीटमध्ये बसवावा आणि काँक्रीटचा माथा जमिनीच्या दोन इंच वर आणून त्याला चहूकडे उतार द्यावा. पाणी खांबापाशी न थांबता बाहेर वाहते आणि लोखंड त्या ओल्या पट्ट्यातून वर उचलले जाते. एवढ्याशा उंचवट्याने खांबाला कित्येक वर्षे जास्त मिळतात, आणि तरीही तो करायचा राहून जातो. काँक्रीटचा माथा जमिनीखाली ठेवून वर माती लोटली, की खांबाचे आयुष्य तिथेच अर्धे झाले. वेल्डिंगने जस्त जळते, म्हणून प्रत्येक जोडावर जस्तयुक्त रंगाचा हात फिरवावा. कोपऱ्यांच्या खांबांना तिरपे टेकू हवेत. ताणलेली जाळी कोपऱ्याला सतत आत ओढत असते.

प्रेस शॉपच्या भोकाभोकांच्या पट्ट्या फुकटात किंवा भंगाराच्या भावात मिळतात. बहुधा तो जस्त नसलेला पातळ पत्रा असतो आणि कापलेल्या कडा धारदार असतात. रंग दिला तरी कडांवर तो टिकत नाही. जिथे मुलांचा हात पोहोचतो तिथे त्या वापरू नयेत.

पत्रा आणि वारा

पत्र्याचे कंपाउंड स्वस्त आणि झटपट होते, नजरही पूर्ण अडते. त्याचा शत्रू वारा. भारतीय मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा पायाभूत वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटरचा झोत. या वेगाला चौरस मीटरवर ढोबळमानाने ९० किलोंचा दाब येतो. सहा फूट उंच आणि दोन खांबांमध्ये आठ फूट रुंद पत्रा घेतला तर एका गाळ्यावर जवळजवळ ४०० किलोंचा रेटा. तो पेलायचा असतो खांबाच्या तळाने. कुंपणाची उंची दुप्पट केली तर तळावरचा मोडणारा जोर चौपट होतो, हे लक्षात ठेवले की उंच पत्र्याचा मोह आवरतो. वळवाच्या पहिल्या वादळात पत्रे उडतात ते यामुळेच. चेनलिंक जाळी वाऱ्याला फार थोडी अडवते. अंगणाला पत्रा लावायचाच असेल तर तो कमी उंचीचा, मध्ये फटी ठेवून आणि खांब जवळ जवळ रोवून लावावा.

खोक्यांच्या फळ्या आणि बांबू

चाकणच्या कारखान्यांत परदेशातून यंत्रे आणि सुटे भाग पाइनच्या खोक्यांतून येतात आणि त्या फळ्या पुढे वखारींत विकल्या जातात. त्यांवर कणसाच्या चिन्हाचा शिक्का असतो. त्यात ‘एचटी’ अक्षरे असली तर ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला अर्धा तास तापवलेले असते. ‘एमबी’ असेल तर विषारी वायूची धुरी दिलेली असते. एमबीच्या फळ्या घरी आणू नयेत. तापवल्याने आतली कीड मरते, पण पुढे लागणारी वाळवी किंवा बुरशी थांबत नाही. शिक्का म्हणजे टिकाऊपणाची हमी नव्हे.

बांबू आपल्याकडे मुबलक आहे आणि अंगणात तो फार देखणा दिसतो. पावसाळ्यानंतर थंडीत तोडलेल्या बांबूत पिष्ट कमी असते, म्हणून त्याला भुंगा कमी लागतो. बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या द्रावणात मुरवला की कीड आणखी लांब राहते. पण हे क्षार पावसाने धुऊन जातात. त्यामुळे मुरवलेला बांबूही थेट मातीत रोवला तर फार काळ तग धरत नाही. लाकूड आणि बांबू दोघांनाही एकच नियम: जमिनीला स्पर्श नको. खांब लोखंडाचे किंवा सिमेंटचे घ्या आणि फळ्या-बांबू त्यांना जमिनीपासून चार इंच वर बोल्टने बसवा. एखादा खराब झाला तर तेवढाच बदलता येतो.

जिवंत कुंपण

कुंपणाचे सर्वांत जुने आणि सर्वांत स्वस्त साहित्य झाडच. इंग्रजांनी मिठावरचा कर चुकवला जाऊ नये म्हणून सिंधू नदीपासून खाली बऱ्हाणपूरपर्यंत आणि पुढे ओडिशाकडे जकातीची रेषा आखली होती. तिच्यावर शेकडो मैल काटेरी कुंपण होते. सुरुवातीला ते वाळलेल्या काट्यांचे होते. वाळवी, आग आणि वादळ यांनी ते सतत उद्ध्वस्त होई. १८६७ ते १८७० या काळात जकात खात्याचे आयुक्त असलेल्या अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी जिवंत झाडांच्या कुंपणावर भर दिला. बाभूळ, करवंद, बोर, निवडुंग अशी झाडे जमिनीनुसार निवडली गेली. जिथे माती वाईट तिथे चर खणून चांगली माती भरली, जिथे पाणी साचे तिथे बांध घालून वर लागवड केली. १८७९ मध्ये ती रेषा मोडीत निघाली. लोकांचे मीठ महाग करणाऱ्या त्या अन्यायाची आठवण ठेवावी, आणि त्या कुंपणाची मुळे मातीच्या तयारीत होती हेही ध्यानात घ्यावे.

निवडुंगाची कथा दुसरा धडा देते. १७९५ मध्ये लाल रंगासाठी ब्राझीलमधून भारतात जो किडा आणला गेला तो रंगाचा खरा किडा नव्हताच, पण त्याने एका जातीचा निवडुंग जवळजवळ संपवला. फड्या निवडुंगाने पुढे शेते आणि कुरणे व्यापली, तेव्हा १९२६ मध्ये त्याच कुळातला दुसरा किडा मुद्दाम सोडावा लागला. जे झाड आपोआप पसरते ते कुंपणासाठी सोपे वाटते आणि नंतर आवरत नाही. घाणेरी आणि सुबाभूळ यांच्यापासून म्हणूनच दूर राहावे.

आकुर्डीच्या हवेत मेंदी, कडू मेंदी, अडुळसा आणि करवंद चांगली येतात. अडुळशाला शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. करवंद हळू वाढते, पण एकदा दाटले की कुत्रेही शिरत नाही, शिवाय फुले-फळे मिळतात आणि बुलबुलांना आसरा होतो. शेर लवकर वाढतो, मात्र त्याचा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते; लहान मुले असलेल्या घरी तो नको. कण्हेर विषारी आहे, तेही लक्षात असू द्यावे.

लागवड जूनमध्ये, एका फुटावर, दोन रांगांत नागमोडी करावी. रोप गुडघ्याएवढे झाले की शेंडा खुडायचा, म्हणजे ते खालून फुटते. पहिली दोन वर्षे नुसती उंच होऊ दिली तर तळ कायमचा विरळ राहतो आणि कुंपण वर दाट, खाली मोकळे होते. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावेच लागते आणि कुंपणाला दोन-तीन फूट रुंद पट्टा सोडावा लागतो. ज्यांच्याकडे एवढी जागा आहे त्यांनी जिवंत कुंपण टाळू नये. इतर सगळी कुंपणे पहिल्या दिवसापासून जुनी होत जातात. हे एकच दरवर्षी दाट होते.

मग नेमके काय घालावे?

मला विचाराल तर आकुर्डीतल्या सर्वसाधारण प्लॉटसाठी मी मिश्र कुंपण सुचवेन. मुरुमापर्यंत गेलेला पाया, त्यावर दीड-दोन फुटांची काळ्या दगडाची भिंत आणि तिच्यात पाण्याची भोके. त्या दगडात बसवलेले खांब आणि वर १० गेजची, भरपूर जस्त असलेली जाळी. आतल्या बाजूने करवंद किंवा मेंदीची रांग. ओल्या पट्ट्यात दगड येतो, लोखंड आणि जस्त कोरड्यात राहते, वारा आरपार जातो, उंचीचा नियम पाळला जातो आणि तीन-चार वर्षांत नजरही अडते.

मुरूम खूप खाली असेल किंवा भराव असेल तर भिंतीचा हट्ट सोडावा आणि खोल रोवलेल्या सिमेंटच्या खांबांवर जाळी किंवा रेडीमेड पाट्या लावाव्यात. मोठ्या रस्त्यालगत आवाजाचा त्रास असेल तर त्या एका बाजूला भरीव भिंत बांधावी, बाकी तीन बाजू मोकळ्या ठेवाव्यात. हात आखडता असेल तर जाळीची उंची कमी करावी, पण तारेची जाडी, जस्ताचा थर आणि खांबाची खोली कमी करू नये.

भाव विचारताना ‘फुटाला किती’ एवढ्यावर थांबू नका. पाया किती खोल, खांब किती वजनाचा, तार किती मिलिमीटरची, जस्त चौरस मीटरला किती ग्रॅम, या चार गोष्टी कोटेशनवर लिहून घ्या आणि मगच दोन भाव शेजारी ठेवा. स्वस्त वाटलेल्या कुंपणात यांतले काहीतरी कमी केलेले आढळेल, आणि बहुतेक वेळा ते जमिनीखालचे असेल. कुंपणावर जो पैसा घालायचा आहे त्यातला मोठा वाटा जमिनीखाली आणि जमिनीलगतच्या हातभर उंचीत घाला. वरचा भाग पुढे कधीही बदलता येतो. पाया मात्र एकदाच घातला जातो.